भिंतीला हात

दुकानात मांडलेले लॅपटॉप गिऱ्हाइकांना मुलाखत देत होते. धरणाच्या अभियंता शैलजा तांबवे प्रत्येकाला कागदपत्रं दाखवून एकच विचारत होत्या, “आंबेघळ धरणाची भिंत अजून किती वर्षं टिकेल?” त्या भिंतीखाली अकरा गावं होती.

“बेचाळीस,” नामांकित कंपनीचा म्हणाला.

“साठ. अगदी खात्रीने,” त्याहून महागडा म्हणाला.

कोपऱ्यातला साधा लॅपटॉप मात्र गप्पच. “मंद आहे हो तो, मॅडम,” दुकानदार ओशाळून म्हणाला.

तेवढ्यात तो बोलला, “नुसत्या कागदावरून नाही सांगता येणार, बाई. भिंतीला हात लावून पाहायला हवं. मला हात नाहीत. तुम्ही लावाल?”

शैलजाबाईंनी हातातली कागदपत्रं मिटली. भिंतीला हात लावल्याशिवाय तपासणी अहवालावर सही करायची नाही, हे त्या तीस वर्षं नव्या अभियंत्यांच्या कानीकपाळी ओरडत आल्या होत्या. न सांगता ओळखणारा आज पहिल्यांदाच भेटला होता.