शेवटचा 'न्'

"नाव सांगा, अम्मच्ची," रेमानं खिडकीशी आलेल्या म्हाताऱ्या एलिक्कुट्टीला म्हटलं.

"शिबिन. माझा मुलगा. वय एकतीस."

रेमानं नाव टाइप केलं. डोंगर खचून पाच दिवस झाले होते. जिल्हा रुग्णालयाकडून मृतांची यादी रोज सकाळी तालुका कचेरीच्या संगणकावर यायची, आणि चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना उत्तर देणं हे रेमाच्या वाट्याला आलेलं काम. पडद्यावर आलं: सापडलं नाही.

"यादीत नाही, अम्मच्ची."

"मोठ्यानं सांग गं पोरी, कान गेलेत माझे."

"शिबिनचं नाव नाही यादीत."

मागच्या बाकावर एलिक्कुट्टीची सून जिन्सी पोटावर हात ठेवून बसली होती. तिनं छातीवर क्रूस काढला आणि डब्यातलं तांदळाचं पुट्टू खायला घेतलं. सलग चार दिवस ती सासूला हट्टानं इथं आणत होती आणि हेच चाललं होतं. त्या एका 'नाही'वर पोरगी दिवस ढकलत होती.

"फुकटचं सॉफ्टवेअर, पण तोरा बघा," हेडक्लार्क गोपिनाथन मागून म्हणाले.

"जुनं असतं तर तीनशे नावांवरून बोट फिरवत बसला असता, सार," रेमा म्हणाली.

हे सॉफ्टवेअर कचेरीत आणायला रेमा तीन वर्षं भांडली होती. त्याआधी सहा वर्षं तिनं शाळाशाळांतून मास्तरांना तेच शिकवलं. सरकारनं एका कंपनीच्या दारात का म्हणून उभं राहायचं, हा तिचा सवाल. मागच्या महिन्यात एकदाचा हुकूम निघाला, जुनं गेलं, नवं आलं. या आठवड्यात आपल्या भांडणाचं चीज झालं असं तिला वाटत होतं. वाटायचंच की.

दुपारी एक माणूस भावाची चौकशी करायला आला. मोहनन. सापडलं नाही. तो हलला नाही. काचेतून त्यानं पडद्याकडे बोट केलं.

"मग हे काय लिहिलंय, मॅडम?"

मोहनन, वय सत्तेचाळीस. रेमानं पुन्हा टाइप केलं. सापडलं नाही. नाव डोळ्यांसमोर होतं. तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला.

तिनं रुग्णालयात फोन लावला. तिथला टंकलेखक म्हणाला, "आम्ही अजून जुन्यावरच आहोत, मॅडम. हुकूम आलाय, पण वेळ कुणाला आहे?"

मग तिला उमगलं. मलयाळममध्ये नावाच्या शेवटचा न् अर्धा लिहितात. जुन्या पद्धतीत तो तीन बटणांनी जुळवायचा, नव्या पद्धतीत एकाच बटणानं येतो. माणसाला दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राला ती दोन वेगळी अक्षरं. आणि त्या भागातल्या निम्म्या पुरुषांची नावं न्-वरच संपतात.

ही गोष्ट तिला ठाऊक होती. शाळांमधून तिनंच ती शिकवली होती. घाईत डोक्यातून गेली.

ती पहिल्या दिवसाच्या यादीपासून एकेक ओळ वाचत गेली. एकेचाळिसाव्या ओळीत शिबिन होता, वय एकतीस. किती जणांना आपण 'नाही' म्हणून घरी पाठवलं ते तिनं कागदावर मांडलं. सतरा.

गोपिनाथननी या वेळी टोमणा मारला नाही. "मी सांगू का त्यांना?" एवढंच विचारलं.

"नाही सार. मी फसवलंय, मीच सांगते."

संध्याकाळपर्यंत सोळा घरांत फोन झाले. एलिक्कुट्टीकडे फोन नव्हता. घरच उरलं नव्हतं, दोघी छावणीत होत्या.

सकाळी सासूसुना आल्या. जिन्सी बाकावर बसली, एलिक्कुट्टी खिडकीशी आली. तिच्या वयाच्या बाईला हे कसं सांगायचं, याचा रेमानं रात्रभर विचार केला होता.

"टाक नाव, पोरी."

"अम्मच्ची, मला माफ करा. यंत्रात चूक होती. शिबिनचं नाव आहे यादीत. पहिल्या दिवसापासून आहे."

म्हातारी रडली नाही. तिनं आधी मागे वळून बाकाकडे पाहिलं, मग काचेला कपाळ टेकवलं.

"हळू बोल, तिला आठवा महिना आहे," ती पुटपुटली. "त्याला ओळखलं मीच आणि मातीही मीच दिली, पहिल्याच दिवशी. बाळ हातात येईपर्यंत तुझं यंत्र दुरुस्त करू नकोस."