नदीपारचा जवाब

टीव्हीवरच्या बाईने पहिली ओळ म्हटली आणि अभिमनच्या अंगणात बसलेल्या बायांचे पदर तोंडाला गेले ते तिथेच राहिले. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला देशाचं कुठलं गाणं जाणार, ते त्या रविवारी दिल्लीत ठरत होतं. आणि कुठल्या मुलखातली कोण जाणे, ती जरीच्या साडीतली गायिका डोळे मिटून म्हणत होती:

“नदीपारन्या बाया, इस्ना चुल्हाले नही धूर,
पाव्हना उना दारमा, बाया पळन्यात दूर.”

“अक्का, हाई तं आपलीच अब्रू काढी राहयनी!” शेजारची लताबाई मंजुळाबाईच्या कानाला लागली.

खरंच होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गिरणेच्या दोन काठांवर दोन गावांच्या बाया उभ्या राहतात आणि गाण्यांतून एकमेकींचे वाभाडे काढतात. त्याला बार म्हणतात. मंजुळाबाई अलीकडची म्होरकी. आणि हा बार होता पलीकडच्यांचा, अलीकडच्या बायांना शिव्या देणारा. आखाजीची शिवी आखाजीलाच विरते; ही मात्र आता विमानात बसायला निघाली होती.

गाणं दिलं कुणी? अंगणातल्या नजरा हळूहळू एकाच जागी गोळा झाल्या. उंबऱ्याशी पुष्पा बसली होती, मंजुळाबाईची सून, अभिमनची बायको. तिचं माहेर पलीकडचं. तिचा भाऊ भिकन जळगावला बँडात वाजवायचा. आणि हिवाळ्यात गाणी भरून न्यायला टेपवाले साहेब आले, तेव्हा त्यांना चहा हिनेच दिला होता, तोही दोनदा. एका माणसाला दोनदा चहा कशाला लागतो? मंजुळाबाईच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा ती चुकचुकली की भिंतभर पाली दिसतात.

“घरना भेदी,” गावातले म्हातारे जीवरामआबा कुणाकडे न बघता बोलले.

अभिमन ताडकन उठला. “सकाय इले इन्हा मायघर पोचाडी देसू. ऱ्हाय म्हना तठेच!”

“मी काहीच दिधं नही, आत्याबाई,” पुष्पा म्हणाली. नवऱ्याकडे न बघता ती सासूकडेच बघत होती. मंजुळाबाईने तोंड फिरवलं.

टीव्हीतली व्हायोलिनं थांबली आणि बाईने पुढचं उचललं:

“भाकर झाकी टोपलीखाल, बठन्यात चूप,
उपाशी पाव्हनाले दाखाडं रिकामं सूप.”

“हाई ओळ आम्हनी नही,” पुष्पा पुटपुटली. “आम्हना बार इन्हा पहिलेच सरी जास.” पण तिचं आता ऐकतो कोण?

मंजुळाबाईने मात्र ऐकलं आणि तिला हिवाळ्यातला तो विसरलेला दिवस आठवला. साहेबांनी त्या दिवशी काठावर यंत्र मांडलं होतं. तिने आपला बार खणखणीत म्हटला आणि सवयीने जवाबासाठी थांबली. समोर पलीकडे एक म्हैस तेवढी उभी होती. अर्धा बार तसाच टाकून उठणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने पलीकडच्यांचा जवाबही स्वतःच म्हटला. तो तिला नेहमीच मिळमिळीत वाटायचा. वैरी असले म्हणून काय झालं, बार बारासारखा हवा! म्हणून दोन ओळी तिने पदरच्या घातल्या होत्या. तिला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोला, सूप कसं चपखल बसलंय असंही वाटलं.

टीव्हीत टाळ्या कडाडल्या. हेच गाणं परदेशी जाणार होतं. अभिमनने टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

“बठ खाले,” मंजुळाबाई म्हणाली. “तिले काय बोलस? ते सूप मन्हं शे. पल्याड कोनी नव्हतं, मंग जवाब बी मीच दिधा.”

“सोतालेच शिव्या दिध्यात, अक्का?” लताबाईचा आ वासलेलाच राहिला.

मंजुळाबाईने पुष्पाला हाताला धरून आपल्या शेजारी पाटावर बसवलं. टीव्हीतल्या बाईच्या गळ्यात हार पडला. एवढ्या झगझगाटात ती एकटीच उभी होती. मंजुळाबाईने पडद्यावर तिच्या समोर, आजूबाजूला कुणी आहे का ते शोधून पाहिलं. मग लेकाला अगदी काळजीने म्हणाली,

“अभिमन, तठे परदेशमा दुसरा काठवर उभं ऱ्हावाले कोनी शे का रे?”