जोडीने घेतलेले फोन

"एकदा या फोनचं कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जाणार, काका. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका," मोबाइलवाली म्हणाली.

"पुसलं जाऊ दे. मेसेज तेवढे राहिले पाहिजेत."

"ते या कार्डावर घेतलेत. पण मी म्हणते, नवाच घ्या ना. सात वर्षांचं धूड आहे हे. कंपनीनेसुद्धा याचा नाद सोडलाय."

"नवा नको," टेलर म्हणाला. "बायकोचा आहे."

"मग काकूंनाच आणायचं होतं सोबत."

बाहीला चिकटलेला दोरा काढून टेलर बोटाला गुंडाळत बसला.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. हा फोन तिनेच घेतला होता. एकाच मॉडेलचे दोन, एक स्वतःला आणि एक आईला. आईला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने तिला मेसेज लिहायला शिकवलं. तेव्हापासून रोज पहाटे पाचला आईचा मेसेज यायचा, 'उठलीस का गं?'

बायको गेली त्या दिवशी मेहुणा म्हणाला, "आईला सांगायचं नाही, भाऊजी. तिचं काळीज आधीच अधू आहे. ती नाही सोसायची."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन वाजला. टेलरने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग लिहिलं, 'उठले.'

तेव्हापासून तो रोज लिहीत होता. गुडघा धरलाय, प्रवास झेपत नाही, फोनचा कॅमेरा फुटलाय, असं काय काय. स्वतः तो सासूबाईंकडे एकदाही गेला नाही. एकटा दारात दिसला असता तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? साऱ्या जगात बायको आता एकाच ठिकाणी जिवंत होती, सासूबाईंच्या मनात. तेवढ्यासाठी तो अंथरूण सोडायचा, चूळ भरायचा, चष्मा लावून बसायचा. बाकी दिवसाला काही अर्थ नव्हता. दुकान उघडलं तर उघडलं.

आधी सासूबाईंनी 'भेटायला ये' म्हणून धोशा लावला होता. हल्ली तो थांबला होता. मेसेजही पहाटेऐवजी नऊ वाजता यायचा. पंच्याऐंशीचं वय, जाग उशिरा येत असेल. आणि मुलीपेक्षा जावयाचीच चौकशी जास्त. 'जावई वेळेवर जेवतात का? दाढी करतात, की अस्वल झालंय?' टेलर गालावरून हात फिरवायचा आणि खरंच दाढी करायला उठायचा.

मग एक तारखेला मेसेजचं अ‍ॅप बंद पडलं. इतक्या जुन्या फोनवर ते आता चालणार नव्हतं. तीन दिवस काही आलं नाही, काही गेलं नाही. टेलरने तीन दिवस दाढी केली नाही.

आज सकाळी कुणीतरी दार धडाधडा वाजवलं. मेहुणा होता. लेथवर करंगळी गमावलेला डावा हात अजून दारावर उगारलेलाच होता. टेलरला बघून तो मटकन उंबऱ्यावरच बसला.

"काय हे, भाऊजी! ताईचा मेसेज नाही म्हणून आईचा जीव टांगणीला लागलाय."

टेलरने फोन पुढे केला. मेहुण्याने तो उलटसुलट करून बघितला आणि एका कागदावर पत्ता लिहून दिला.

"इथे जा. ही बाई जुन्या फोनात नवी सिस्टिम घालून देते. कंपनीची नसते, पण चालते. आजच जा. आणि आधी काहीतरी खाऊन घ्या."

म्हणून टेलर इथे बसला होता.

मोबाइलवालीने फोन कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर एक रेघ हळूहळू सरकत गेली आणि फोन काळा पडला. मग कंपनीचं चिन्ह उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं, पुन्हा गेलं.

"गेला का?" टेलर उठून उभा राहिला.

"बसा हो काका. बाळंतपण आहे हे, घाई करून चालत नाही." तिने दोन बटणं एकदम दाबून धरली. "एवढं काय येतं याच्यावर?"

"सकाळी एक मेसेज येतो."

"सुप्रभातचा? मला रोज चाळीस येतात. घेऊन जा त्यातले."

रेघ पुन्हा पहिल्यापासून सरकू लागली. टेलरच्या बोटाला दोरा इतका आवळला गेला की टोक पांढरं पडलं.

पाऊण तासाने फोन सुरू झाला. मोबाइलवालीने कार्डावरचे मेसेज परत आत घातले आणि तो त्याच्या हातात दिला. लगेच तो थरथरला. सासूबाईंचे तीन मेसेज होते, तीन दिवसांचे.

'उठलीस का गं?'

'जावई बरे आहेत ना?'

'कुणीतरी उत्तर द्या.'

टेलरने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'उठले गं आई. फोन बिघडला होता. जावई तुझे ठणठणीत आहेत.' मेसेज गेला. तीन दिवसांनी पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

"हे मॉडेल मी दुसऱ्यांदाच केलं बघा," वायर गुंडाळत मोबाइलवाली म्हणाली. "पहिलं गेल्या महिन्यात. डाव्या हाताला करंगळी नसलेले एक गृहस्थ आले होते. तुमच्यासारखेच हट्टी. त्यांच्या आईचा फोन होता."

टेलर हसला. "म्हातारीला सवय झालीय ना त्याची."

"म्हातारी कुठली, काका? ती जाऊन तेव्हाच आठ महिने झाले होते. तिच्या नावाने ते स्वतःच रोज सकाळी कुणाला तरी लिहितात. म्हणाले, मी नाही लिहिलं तर तो माणूस अंथरुणातून उठायचा नाही."