खालचा खण

"नाही म्हणाले तरी चालेल हो बाबा, पण कुणी उत्तरच देत नाही," परदेशात शिकून तिथंच नोकरी शोधणारी लेक फोनवर चिडली होती. "त्र्याहत्तर अर्ज केले. दोन ओळी लिहायला काय हात मोडतात यांचे?"

"कामाच्या रगाड्यात राहून जात असेल गं," छापखान्याचे मॅनेजर असलेले बाबा म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला, तेवढ्यात टायपिस्ट बाई आत आल्या. "साहेब, रद्दीवाला आलाय. खालच्या खणातले नोकरीचे जुने अर्ज देऊन टाकू?"

बाबांनी खण ओढला. सगळ्यात वरच्या अर्जाखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत'. तारीख गेल्या वर्षीची होती.

"रद्दीवाल्याला परत पाठवा," ते म्हणाले, "आणि पाकिटं आणा. गठ्ठाभर."