मधला खांब

शेवटचं ढेकूळ पाटीत पडलं आणि कुंदाने कंबर सरळ केली. खड्ड्याच्या मधोमध उभा असलेला मातीचा खांब आता गेला होता. तळ सारवलेल्या अंगणासारखा सपाट दिसत होता. दुष्काळी कामावरच्या टोळीतल्या बाया दुपारच्या भाकरीला बाभळीखाली बसल्या होत्या. तेवढ्या वेळात तिने आणि शिबिरातल्या दोघी मैत्रिणींनी काम उरकून टाकलं होतं. हाताला फोड आले होते, पण स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

पुण्याच्या कॉलेजातली ही मंडळी मिरजगावजवळच्या पाझर तलावावर दहा दिवसांच्या शिबिराला आली होती. दुष्काळ समजून घ्यायचा, जमेल तेवढी माती उचलायची आणि संध्याकाळी वहीत निरीक्षणं लिहायची, असा बेत. उत्साह दांडगा होता. विचारायला मात्र कुणाला फुरसत नव्हती.

टोळीची वडीलधारी मुक्ताबाई तोंड पुसत काठावर आली, खाली बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

"हितला खांब कुठं गेला?"

"काढला, मावशी. तुमचं राहिलेलं काम करून टाकलं."

मुक्ताबाई मटकन खाली बसली. तिच्यामागून आलेल्या कडूबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"राहिलेलं न्हवतं, पोरी. आमी मुद्दाम राखला हुता," मुक्ताबाई म्हणाली. "साहेब त्या खांबाची उंची मोजतो. किती खोल खांदलं ते त्याच्यावरनं कळतं. खांब न्हाई तर माप न्हाई, आन् माप न्हाई तर धा बायांची आठवड्याची मजुरी न्हाई."

"आपण परत उभा करू. आत्ताच्या आत्ता करू," कुंदा म्हणाली.

"आन् वरचं कुसळ?" मुक्ताबाईने शेजारच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. तिथल्या खांबाच्या डोक्यावर मूळ जमिनीचं वाळकं गवत जसंच्या तसं होतं. "ते बघून तर साहेब वळखतो, खांब खरा का रचलेला."

बोलणं संपतंय तोवर ओव्हरसियर टेप आणि रजिस्टर घेऊन आलाच. त्याने खड्ड्यात डोकावलं आणि पेनाला टोपण लावलं. "याचं माप धरता येणार नाही."

"साहेब, कडंवरनं धरा की," कडूबाई म्हणाली.

"जमीन उताराची आहे. या कडेला एक भरेल, त्या कडेला दुसरं."

"चूक माझी आहे," कुंदा खालून म्हणाली. "खांब मी पाडला. या बायांचा काही दोष नाही."

"असेल, ताई. पण रजिस्टरात उंची काय लिहू? तुमची चूक लिहू?"

बायांपैकी कुणी कुंदाला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला सोसवेना. मग एकदम तिला वही आठवली. काल संध्याकाळी, खोदाई संपल्यावर, शिबिराच्या पाहणीसाठी घरांची मापं घ्यायची टेप हातातच होती म्हणून तिने तो खांब मोजला होता. तिने काठावरच्या शबनम पिशवीतून वही काढली आणि पान उघडलं. आकड्यापुढच्या मजकुरावर अंगठा दाबून तिने वही वर धरली.

"अंगठा काढा," ओव्हरसियर म्हणाला. "अर्धवट कागद मला चालत नाही. काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा."

वही मिटून टाकता आली असती. कुंदाने एकदा वर उभ्या असलेल्या दहा जणींकडे पाहिलं आणि वाचायला घेतलं.

"'मुक्ताबाईंच्या टोळीचा खड्डा. खोदकाम आज पूर्ण झाल्याचे सांगतात. मात्र मधोमध दोन फूट दहा इंच उंचीचा मातीचा खांब तसाच सोडला आहे. कारण...'" ती अडखळली. "'कारण, आळस?'"

धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. खड्ड्यात तर ती उभीच होती.

ओव्हरसियरने वही हातात घेतली, कालची तारीख पाहिली, मजकूर पुन्हा एकदा नीट वाचला. "कुणाचं भलं करायला म्हणून कुणी असलं लिहीत नाही," तो म्हणाला. त्याने टोपण काढलं आणि रजिस्टरात दोन फूट दहा इंच मांडलं. "खाली सही करा, ताई."

तो पुढच्या खड्ड्याकडे गेला. टोळीतल्या लंकाबाईने तोंडाला पदर लावला. "चला बायांनो, आपला आळस कामाला आला." बाया हसल्या. कुंदाला हसू येईना.

"मावशी, मी चुकले. मला फार लाज वाटते."

मुक्ताबाई हळूच खड्ड्यात उतरली. "आळसाच्या म्होरं काय हाय गं? वाचताना तुजा आवाज वर गेला."

"प्रश्नचिन्ह."

"म्हंजी इचारलं हुतंस."

"हो."

"वहीला इचारलंस. मी तर कालबी हितंच हुते, तुज्या शेजारी."

मुक्ताबाईने कुंदाचे हात उलटे करून फोड पाहिले आणि आपल्या पदराची चिंधी फाडून तिच्या तळव्याला बांधली.

सकाळी नवा खड्डा आखला. चुन्याच्या फक्कीच्या चार रेघांच्या आत सगळीकडे सारखंच वाळकं गवत होतं. कुंदाने कुदळ उचलली, आणि तशीच खाली ठेवली.

"मावशी, यातलं कुठलं राखायचं?"

मुक्ताबाई पाटी बाजूला ठेवून तिच्याजवळ आली.