तिसऱ्यांदा सांगत बसली नाही

"सर, वेग फार आहे. उतरू नका, वर घ्या," हर्षला म्हणाली. लायसन्स मिळून चार वर्षं झाली, तेव्हा कुठे या छोट्या विमान कंपनीने चाचणीला बोलावलं होतं. सिम्युलेटरच्या पडद्यावर धावपट्टी अंगावर येत होती.

शेजारी बसलेले परीक्षक कॅप्टन दाभाडे खेकसले, "विमान तू उतरवतेयस की मी?"

तिने पुन्हा सांगितलं. ते ऐकेनात, तेव्हा नियमाप्रमाणे तिने ताबा घेतला आणि विमान सरळ वर काढलं.

दाभाड्यांनी पडदा बंद केला. "कॅप्टनच्या हातातून विमान घेतेस? नापास! साधं सिम्युलेटर हे, कोण मरणार होतं?"

"खऱ्या विमानात मागे माणसं असतात, सर," पट्टा सोडत ती म्हणाली. "पुढच्या भरतीला येईन. शेजारी तुम्हीच असलात, तरी हेच करीन."