धसका

युफ्रासियाने गॅरेजचं दार उघडलं तेव्हा आतली माणसं निकासिओच्या आत्म्याला शांती मागत होती. निकासिओ तिचा मुलगा. तो दवाखान्यात आहे, सुधारतोय, असं तिला रोज सांगितलं जात होतं.

मेलेल्यासाठी नऊ दिवस जपमाळ ओढायची असते. युफ्रासियाची मुलगी यादिरा, जावई बाल्दोमेरो आणि तिचा स्वतःचा धाकटा भाऊ लिओन्सिओ मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून ती ओढत होते. बाकीचे नातेवाईक रंगाच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये होते. दार उघडलेलं कुणाला कळलंच नाही, आणि ते त्याचं नाव घेतच राहिले.

मंडळी दुष्ट नव्हती. धसक्याने शुगर होते आणि शुगरवाल्याला धसका बसला की तो जातो, हे सरहद्दीवरच्या नदीच्या या काठावर पोरासोरांनाही ठाऊक. त्यात साथीत शुगरवालीच माणसं पटापट जात होती. म्हणून आईला कळू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. एवढी शहाणी माणसं एका घरात क्वचितच जमत असतील.

युफ्रासियाने भिंतीजवळचा चाक खोलायचा पाना उचलला. पहिल्या फटक्यात फोन फुटला. दुसरा बाल्दोमेरोच्या खांद्यावर बसला आणि तो खुर्चीसकट उलटला.

"ताई, शांत हो. शुगर वाढेल," लिओन्सिओ म्हणाला. तिने पाना त्याच्या तोंडावर मारला. मास्क लाल झाला.

"पुरलंत त्याला?" तिने विचारलं.

यादिरा तिला मिठी मारायला आली. युफ्रासियाने तिचे केस धरले आणि तिला फरफटत स्वयंपाकघरात नेलं. बशा फोडल्या, खिडकीची काच फोडली. माझा जीव वाचवायला मला अंधारात ठेवलंत ना, मग हा जीवच नको, असं म्हणत तिने फ्रीज उघडला आणि दारातली इन्सुलिनची बाटली ओट्यावर आपटायला उचलली.

"ती नको, आई," यादिरा जमिनीवरून म्हणाली. "ती त्याची आहे."

हात वरच राहिला. मग यादिराने सगळं सांगून टाकलं. क्लिनिकला कुलूप लागलं होतं, सरहद्दीचा पूल बंद झाल्यावर पलीकडच्या देशातून येणारं तिचं औषधही थांबलं होतं. निकासिओला मात्र तो कामाला होता त्या कोंबड्या कापायच्या कारखान्याकडून त्याचं इन्सुलिन मिळायचं. शुगर त्यालाही होती. आईला सांगू नका, ती धसका घेईल, असं त्यानेच बजावलं होतं.

"कधीपासून टोचतेय मी त्याची?"

"ईस्टरपासून."

निकासिओला ताप आला तो जूनमध्ये, त्यानंतर दोन महिन्यांनी.

"आणि तो काय घेत होता?"

यादिराने ओठावरचं रक्त पुसलं. "तो म्हणायचा, मला नसलं तरी चालतं, मी अजून जवान आहे."

युफ्रासियाने बाटली परत फ्रीजच्या दारात नीट उभी ठेवली. दार लावलं. मग जिथे ती रोज सुई टोचून घ्यायची, त्या मांडीवर तिने पाना हाणला, आणि यादिरा येऊन हात धरीपर्यंत हाणतच राहिली.